वाचक विचारतात : तूप ताटात, कोलेस्टेरॉल मेंदूत?

मागच्या अंकात ग्लिया पेशींवर, म्हणजे मेंदूत चेतापेशींच्या सोबत असणाऱ्या पेशींवर, अर्ध्या पानाचे टिपण होते. दोन चेतापेशी जिथे एकमेकींशी बोलतात त्या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. हे सांधे भरपूर आणि पक्के तयार व्हायचे तर चेतापेशीला स्वतःपुरते कोलेस्टेरॉल पुरत नाही, जास्तीचे कोलेस्टेरॉल शेजारच्या ग्लिया पेशी पुरवतात, असे फ्रँक फ्रीगर यांच्या गटाने 2001 मध्ये दाखवले. टिपणात एवढेच होते. त्यावर बडोद्यातून आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रे तुपावर आहेत! तूप घेऊच. पण आधी प्रयोगाचे प्रश्न घेतो, कारण तुपाच्या उत्तराचा धागा तिथूनच निघतो.

प्रश्न : चेतापेशी आणि ग्लिया एकमेकींत पार गुंतलेल्या असतात. मग ‘ग्लियाशिवाय चेतापेशी’ असा प्रयोग करता येतो कसा? थोड्या ग्लिया मागे राहतच असतील. (एम.एस्सी.चा विद्यार्थी, सयाजीगंज)

उत्तर : बरोबर नस पकडलीत. पूर्वीचे बहुतेक प्रयोग इथेच अडायचे. वाट काढली बेन बॅरेस यांनी, 1988 मध्ये. पद्धतीचे नाव इम्युनोपॅनिंग. सोनाराच्या दुकानासमोरची धूळ धुऊन सोन्याचा कण काढणारा झारेकरी जे करतो तेच हे काम, फक्त इथे कण धरून ठेवायला अँटिबॉडी असते, म्हणजे ठरावीक खुणेलाच चिकटणारे प्रथिन.

पेशी निवडल्या त्या दृष्टिपटलातल्या गँग्लियॉन पेशी, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या. दृष्टिपटलात त्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. पण त्यांच्या अंगावर थाय-1 नावाचे प्रथिन असते, त्यामुळे पकडायला खूण मिळते. साधारण आठवडाभराच्या रॅट जातीच्या उंदरांच्या पिल्लांची दृष्टिपटले काढतात आणि पपेन घातलेल्या द्रावणात 37 अंशांवर अर्धा तास ठेवतात. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातले एन्झाइम. मटण लवकर शिजावे म्हणून पपईचा तुकडा लावतात, त्यातले तेच. पेशींना बांधून ठेवणारी प्रथिने ते तोडते. वेळ झाली की ओव्होम्युकॉइड घालून त्याला थांबवायचे (हे अंड्याच्या पांढऱ्या बलकातले प्रथिन), नाहीतर ते पेशींनाही खायला लागते. मग पिपेटने हळूहळू वरखाली करून पेशी सुट्या करायच्या. इथे नवशिक्यांचा हात घाई करतो, बुडबुडे येतात आणि बुडबुड्यांनी पेशी फुटतात.

आता बशा. आदल्या रात्री साध्या पेट्री डिशना अँटिबॉडीचा थर देऊन ठेवलेला असतो. ‘साध्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पेशी वाढवायच्या डिशचा पृष्ठभाग मुद्दाम चिकट केलेला असतो. ती चुकून वापरली तर सगळ्याच पेशी चिकटतात आणि निवड संपली. पहिल्या एकदोन बशा मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, काढून टाकण्यासाठी. मॅक्रोफेज कुठल्याही अँटिबॉडीचे शेपूट धरून बसतात, त्यामुळे ते आधी काढले नाहीत तर थाय-1 च्या बशीतही तेच येऊन बसणार. उरलेले द्रावण मग थाय-1 च्या बशीत. पाऊणएक तास, मधूनमधून बशी हलकेच फिरवत. नंतर सलाइनने धुवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली एकही सुटी पेशी तरंगताना दिसेनाशी होईपर्यंत. शेवटी थोड्या ट्रिप्सिनने पेशी सोडवायच्या आणि पॉलिलायसिन व लॅमिनिनचा थर दिलेल्या काचेवर पसरायच्या. शुद्धता 99 टक्क्यांवर जाते.

उरलेल्या टक्क्याबद्दलची तुमची शंका खरी आहे. चेतापेशी दुभंगत नाहीत, ग्लिया दुभंगतात. धुण्यात कुचराई झाली तर पहिल्या दिवशी चारदोन असलेल्या ग्लिया पंधरवड्यात अर्धी काच व्यापतात आणि ‘ग्लियाशिवाय’ हा शब्द फक्त वहीत उरतो. म्हणून प्रयोग संपताना जीएफएपी या अ‍ॅस्ट्रोसाइटच्या (ग्लियांचा एक प्रकार) प्रथिनासाठी रंग देऊन काच तपासतात.

याहून लबाड चूक सीरमची. पेशींच्या खुराकात वासराच्या गर्भाचे सीरम घालणे ही जुनी सवय, आणि सीरममध्ये लिपोप्रोटीन, म्हणजे मेद वाहून नेणारे कण असतात, म्हणजे आयते कोलेस्टेरॉल. ग्लिया काढून टाकल्या आणि सीरम ठेवले तर पुढच्या दाराने घालवलेला पाहुणा मागच्या दाराने परत आला. शुद्ध चेतापेशी सीरमशिवाय जगवता यायला लागल्या, तेव्हाच हा प्रश्न नीट विचारता आला.

1997 मध्ये फ्रीगर आणि बॅरेस यांनी अशा पेशींतले विद्युत प्रवाह मोजले. ग्लियांच्या सोबत वाढवलेल्या पेशींत आपोआप होणारे सिनॅप्सचे प्रवाह सुमारे 70 पट वारंवार दिसले आणि प्रत्येक प्रवाहाचा आकार सुमारे 5 पट होता. ग्लिया नव्हत्या म्हणून पेशी मरतुकड्या होत्या असेही नाही, जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. पेशी ठणठणीत होत्या, फक्त एकमेकींशी बोलत नव्हत्या.

प्रश्न : ग्लिया ज्या पाण्यात वाढल्या त्यात शेकडो पदार्थ असणार. त्यातले कोलेस्टेरॉलच, असे छातीठोकपणे कसे म्हणता येते? (निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, रावपुरा)

उत्तर : बाई, तुम्ही विद्यार्थ्यांना क्षार ओळखायला लावत असाल, त्याच शिस्तीने. गाळा, वेगळे करा, एकेक वजा करा, शेवटी शुद्ध पदार्थ घालून बघा.

आधी ग्लियांचे ‘वापरलेले पाणी’ घेतले, म्हणजे सीरम पूर्ण धुऊन काढल्यावर ग्लिया काही दिवस ज्या द्रावणात राहिल्या ते. एवढ्यानेही सिनॅप्स वाढले. म्हणजे पेशींचा स्पर्शच हवा असे नाही, परिणाम करणारा पदार्थ पाण्यात उतरतो. पाण्याचे भाग वेगळे केले तर ज्या भागात परिणाम सापडला त्यात अपोलिपोप्रोटीन ई (अपोई) हे प्रथिन होते. साहजिकच संशय त्या प्रथिनावर. पण नुसते प्रथिन घातले तर काहीच घडेना. हे प्रथिन म्हणजे टोपली, माल वेगळा. आतले कोलेस्टेरॉल नुसते घातले तेव्हा सिनॅप्स वाढले. उलट तपासणी अशी की ग्लियांना मेव्हास्टॅटिन हे स्टॅटिन गटातले औषध देऊन कोलेस्टेरॉल बनवणेच थांबवले, तर त्यांच्या पाण्याचा जोर उतरला.

यात फसायच्या जागा पुष्कळ. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. अल्कोहोलमध्ये विरघळवून थेंबभर घालावे तर जास्त झाल्यावर त्याचे स्फटिक होतात, आणि चेतापेशींच्या शाखांवर बसलेले स्फटिक रंग दिल्यावर सिनॅप्सच्या ठिपक्यांसारखे फसवतात. त्यावर उपाय म्हणून सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या पिंपाच्या आकाराच्या साखरेत कोलेस्टेरॉल भरून देतात. पण पिंप रिकामे राहिले तर ते उलट पेशीच्या पडद्यातलेच कोलेस्टेरॉल ओढून घेते. एकच रसायन, भरलेले असले तर देते, रिकामे असले तर लुटते. म्हणून प्रमाण आधी ठरवावे लागते आणि नुसत्या ‘रिकाम्या पिंपा’ची बशी तुलनेसाठी ठेवता येत नाही, कारण ती तटस्थ नसते.

स्टॅटिनचाही असाच घोळ. ते मेव्हॅलोनेट या टप्प्यावर साखळी तोडते. त्याच साखळीतून कोलेस्टेरॉलखेरीज आयसोप्रेनॉइड नावाचे दुसरे रेणू निघतात आणि पेशीची अनेक प्रथिने त्यांच्यावाचून पडद्याला चिकटत नाहीत. म्हणून स्टॅटिनने काही बिघडले, एवढ्यावरून कोलेस्टेरॉलला दोषी धरता येत नाही. स्टॅटिनबरोबर कोलेस्टेरॉल परत घालून बिघाड भरून निघतो का, हे बघितल्याशिवाय निष्कर्ष कच्चा.

सिनॅप्स मोजताना दोन रंग लागतात. एक निरोप धाडणाऱ्या बाजूच्या प्रथिनाला, उदाहरणार्थ सिनॅप्सिन, दुसरा घेणाऱ्या बाजूच्या, पीएसडी-95 किंवा होमर. दोन्ही ठिपके एकमेकांवर आले तरच एक सिनॅप्स धरायचा. खुद्द कोलेस्टेरॉल बघायचे तर फिलिपिन हा रंग. अतिनील प्रकाशात निळी चमक येते, पण डोळ्यांदेखत विझत जाते. नीट जागा शोधून कॅमेरा लावेपर्यंत अर्धी गेलेली असते. म्हणून जागा दुसऱ्या रंगात शोधायची आणि अतिनील झडप फक्त फोटोपुरती उघडायची. आणि पेशीला भोके पाडायला ट्रायटनसारखा तीव्र साबण वापरला तर तो कोलेस्टेरॉलच धुऊन नेतो. मग ‘कोलेस्टेरॉल नाही’ असा निष्कर्ष निघतो, तो साबणाचा असतो, पेशीचा नाही.

कोलेस्टेरॉल नेमके करते काय, याची उत्तरे एकाहून जास्त आहेत. निरोपाचे रसायन साठवणाऱ्या सिनॅप्सच्या पुटिका जेमतेम 40 नॅनोमीटरच्या, आणि त्यांच्या पडद्यातल्या लिपिड रेणूंपैकी साधारण 40 टक्के कोलेस्टेरॉल. एवढ्या बारीक गोळीला पडदा वळवायचा तर हा माल लागणारच. पण 2005 मध्ये फ्रीगर यांच्याच गटाने दाखवले की आधी अडते ते डेंड्राइट, म्हणजे निरोप घेणाऱ्या फांद्या, पक्व होण्यात. फांदीच नाही तर सांधा कुठे करणार?

आणि कोलेस्टेरॉल हा एकटा नायक मुळीच नाही. बॅरेस यांच्या प्रयोगशाळेने 2005 मध्ये थ्रॉम्बोस्पॉन्डिन ही ग्लियांची प्रथिने पुढे आणली. त्यांनी सिनॅप्सची बांधणी होते, पण घेणारी बाजू मुकी राहते, तिथे ग्लुटामेट या निरोपाच्या रसायनाला धरणारे एएमपीए ग्राहक (रिसेप्टर) आलेले नसतात. ते आणायचे काम ग्लायपिकन 4 आणि 6 करतात, हे 2012 मध्ये कळले. घर बांधणारा वेगळा, दिवे लावणारा वेगळा, असा प्रकार.

प्रश्न : ग्लिया चेतापेशींच्या दहापट असतात असे वाचले होते. (इयत्ता 11 वीची विद्यार्थिनी, दांडिया बाजार)

उत्तर : पुस्तकांत वर्षानुवर्षे छापले गेले, पण ते चूक आहे. 2009 मधल्या मोजणीत माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी निघाल्या आणि चेतापेशी नसलेल्या पेशीही जवळपास तेवढ्याच. ग्लिया हे नाव 1850 च्या दशकात रुडॉल्फ व्हिर्शो यांनी ‘डिंक’ या अर्थाने दिले. नाव चिकटले, अर्थ उडाला.

प्रश्न : सून सात महिन्यांची गरोदर आहे. बाळाचा मेंदू कोलेस्टेरॉलचा असतो असे तुमच्याच अंकात वाचले. मग रोज तीनचार चमचे तूप आणि सुवर्णप्राशनापर्यंत सगळे सुरू करावे का? ती म्हणते डॉक्टरांनी वजन आवरायला सांगितले आहे. घरात वाद आहे. (गृहिणी, कारेलीबाग)

उत्तर : या वादात सूनबाईंची बाजू भक्कम आहे.

मेंदूत कोलेस्टेरॉल भरपूर असते हे खरे. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी पाव हिस्सा मेंदूत. त्यातला बराचसा चेतातंतूंवरच्या मायलिन वेष्टणात. पण ते ताटातून आलेले नसते. बडोद्याच्या जुन्या शहराला लेहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी असे चार दरवाजे आहेत तसे मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाही दरवाजे आहेत, आणि प्रत्येकावर कोणाला सोडायचे ते ठरलेले. ग्लुकोजसाठी स्वतंत्र दार आहे. रक्तातले कोलेस्टेरॉल ज्या लिपोप्रोटीनमधून फिरते त्या कणाला आत प्रवेश नाही. म्हणून सगळा माल आतच तयार होतो. अ‍ॅसिटिल-कोएच्या 18 रेणूंपासून तीसेक पायऱ्यांनी एक रेणू. भरपूर ऊर्जा खाणारे काम, म्हणूनच चेतापेशी मोठ्या झाल्यावर ते बहुतांशी अ‍ॅस्ट्रोसाइटांकडे सोपवतात.

आता तुपाचा हिशेब. चहाचा एक सपाट चमचा तूप म्हणजे 5 ग्रॅम, त्यात कोलेस्टेरॉल साधारण 13 ते 15 मिलिग्रॅम. एका अंड्याच्या पिवळ्या बलकात 185 च्या आसपास. आणि शरीर स्वतः रोज जवळजवळ एक ग्रॅम बनवते. चार चमचे तूप खाल्ले तरी कोलेस्टेरॉलचा आकडा किरकोळ, मात्र 180 कॅलरी आणि सुमारे 12 ग्रॅम संपृक्त मेद पोटात जातो. वजन आवरायला सांगितलेल्या गर्भवतीसाठी तो किरकोळ नाही. वरणभातावर एक चमचा, पोळीला एक, एवढ्यावर कोणाचे भांडण नसावे. चवीसाठी खा, बाळाच्या सिनॅप्ससाठी नको.

याच ओघात एक सांगून टाकतो. सिंगतेलाच्या (शेंगदाणा तेलाच्या) आणि कपाशीच्या तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असे ठळक छापलेले असते. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असते, सगळ्याच. त्या शिक्क्यासाठी दोन पैसे जास्त देऊ नका.

बाळाच्या मेंदूसाठी सध्या काय बघावे? आयोडीनयुक्त मीठ आणि टीएसएचची, म्हणजे थायरॉइडची, तपासणी. लोह-फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, सरकारी गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते, ती 180 दिवस. चहाबरोबर घ्यायची नाही, कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब, दोन्ही एकत्र गेल्या तर लोह नीट शोषले जात नाही. घर शाकाहारी असेल तर बी-12 जरूर तपासा. डीएचए हा मेद मात्र कोलेस्टेरॉलसारखा अडकत नाही, त्याला मेंदूत न्यायला वेगळा वाहक आहे. मासे नसतील तर शेवाळापासून काढलेल्या डीएचएच्या कॅप्सूलबद्दल डॉक्टरांना विचारा. जवसातला मेद शरीरात डीएचए होतो, पण फार थोडा. सुवर्णप्राशनाचा या संशोधनाशी काही संबंध नाही.

आणखी एक. गरोदरपणात रक्तातले कोलेस्टेरॉल निसर्गतःच वाढते. कोणी हौसेने लिपिड प्रोफाइल केले आणि आकडा मोठा आला तर घाबरून तूप, दूध सगळे तोडू नका. बाळ झाल्यावर पहिली दोन वर्षे त्याच्या दुधाची साय काढू नका, तिथे मेद लागतोच.

प्रश्न : वय 67. अँजिओप्लास्टी झाल्यापासून 3 वर्षे अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन 20 घेतो. हल्ली नावे आठवत नाहीत. तुमचे टिपण वाचून वाटले, गोळी मेंदूतले कोलेस्टेरॉलच संपवत असेल. बंद करू का? (मांजलपूर)

उत्तर : स्वतःहून बंद करू नका. स्टेंट असलेल्या माणसाने स्टॅटिन अचानक सोडणे धोक्याचे आहे, आणि ज्या कारणाने सोडायचे म्हणता ते कारण डळमळीत आहे.

वरच्या प्रयोगात मेव्हास्टॅटिन थेट ग्लियांच्या बशीत ओतले होते. गोळीतले औषध आधी यकृतात पकडले जाते, मेंदूपर्यंत त्यातले थोडेच पोचते. शिवाय मोठ्या माणसाच्या मेंदूतले कोलेस्टेरॉल फार हळू बदलते, त्याचा हिशेब दिवसांत नाही, वर्षांत करावा लागतो. बशीतल्या पिल्लांच्या पेशी नवे सांधे झपाट्याने बांधत असतात, तुमचा मेंदू मुख्यतः आहेत ते सांधे सांभाळतो.

माणसांवरचा पुरावाही बघा. 70 ते 82 वयाच्या 5,804 लोकांच्या प्रॉस्पर चाचणीत तीनेक वर्षे प्राव्हास्टॅटिन घेणाऱ्यांच्या आणि न घेणाऱ्यांच्या स्मरणशक्तीत फरक दिसला नाही. मात्र काही थोड्या लोकांत विसरभोळेपणा येतो आणि औषध थांबवल्यावर जातो, असे अहवाल आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2012 मध्ये तशी सूचना माहितीपत्रकात घातली. तेव्हा तुमची तक्रार झटकून टाकण्यासारखी नाही, पण ती पडताळायची रीत वेगळी.

गोळी सुरू झाल्यावर की डोस वाढल्यावर किती दिवसांत विसरणे सुरू झाले, ते कागदावर लिहा. तीन वर्षे ठीक आणि आता त्रास, असे असेल तर गोळीवरचा संशय कमी होतो. मग बी-12 (मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर आधी हेच), टीएसएच, सोडियम. झोपेत घोरून श्वास अडकतो का, ऐकू कमी येते का. नाव नीट ऐकूच आले नाही तर ते आठवणार कुठून? घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामाइन, झोपेसाठीचे क्लोनाझेपाम, लघवीसाठीचे ऑक्सिब्युटिनिन, यांनी स्मृती स्टॅटिनहून कितीतरी जास्त वेळा बिघडते. एवढे करूनही संशय राहिला तर हृदयाच्या डॉक्टरांच्या देखरेखीत रोसुव्हास्टॅटिनवर जाऊन बघता येते. ते पाण्यात विरघळणारे असल्याने मेंदूत आणखी कमी शिरते.

प्रश्न : मुलाने परदेशातून जनुक चाचणीचा संच आणला. माझा निकाल ‘अपोई 3/4’. अल्झायमर होणार असे धरून चालू का? (वय 58, प्रतापनगर)

उत्तर : नाही. ग्लियांच्या टोपलीचे हे तेच प्रथिन, 299 अमिनो आम्लांचे. प्रकार 3 आणि 4 मध्ये फरक फक्त 112 व्या जागी, सिस्टीनऐवजी आर्जिनीन. तेवढ्याने 4 प्रकारची टोपली कोलेस्टेरॉल कमी भरते. 1993 पासून अल्झायमरशी त्याचा संबंध माहीत आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत एक प्रत असेल तर धोका सुमारे तिप्पट धरतात, आणि हा आकडा जसाच्या तसा आपल्याला लावता येत नाही. 4 असलेल्या अनेकांना आजार होत नाही, नसलेल्यांना होतो. घरगुती संचाचा निकाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून पक्का करून घ्या. मुलांनी चाचणी करायची की नाही हे मुलांनी ठरवू द्या. रक्तदाब, साखर, श्रवण आणि चालणे यांवर तुमचा ताबा आहे, 112 व्या जागेवर नाही.

प्रश्न : मणक्याच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन चालू आहे. ते सिनॅप्स बनू देत नाही असे ऐकले. (फतेगंज)

उत्तर : ऐकले ते उंदरांबद्दल खरे आहे. थ्रॉम्बोस्पॉन्डिन चेतापेशीच्या ज्या ग्राहकाला धरते, अल्फा-2-डेल्टा-1, तिथेच गॅबापेंटिन बसते, हे 2009 मध्ये दिसले. त्याने नवे सिनॅप्स अडतात, तयार झालेले मोडत नाहीत. ठरल्या डोसने घेत राहा. बंद करायचे तर डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्याने, एकदम सोडल्यास झटके येऊ शकतात. गुंगी येत असेल तर स्कूटर बाजूला ठेवा.

प्रश्न : भाचा 9 वर्षांचा. अक्षर बिघडले, चालताना तोल जातो, जिना उतरताना चाचपडतो, हसताना एकदम गुडघ्यातून खाली बसतो. जन्मल्यावर कावीळ बरेच दिवस होती. एका डॉक्टरांनी ‘निमन-पिक सी’ चा संशय सांगितला आणि कोलेस्टेरॉलचा आजार आहे म्हणाले. पण रक्तातले कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे! (वाडी)

उत्तर : रक्तातला आकडा नॉर्मल असणे या आजाराच्या विरुद्ध जात नाही. बिघाड पेशीच्या आत असतो. पार्सल घरात आले, पण कोठीच्या खोलीचे दार आतून उघडत नाही, असे समजा. लिपोप्रोटीन पेशीत ओढून घेतले जाते, लायसोसोममध्ये (पेशीच्या आतली पचनाची पिशवी) कोलेस्टेरॉल सुटे होते, आणि तिथून बाहेर काढणारे एनपीसी1 हे प्रथिन बिघडलेले. हे जनुक 1997 मध्ये सापडले, बहुतेक रुग्णांत दोष त्यातच असतो, थोड्यांत एनपीसी2 मध्ये. कोठीत माल कुजतोय आणि स्वयंपाकघर म्हणतेय संपला, अशी अवस्था. म्हणून कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे किंवा पथ्य यांनी मेंदूचा आजार थांबत नाही.

तुम्ही लिहिलेले हसताना कोसळणे याला कॅटाप्लेक्सी म्हणतात, आणि लांबलेली नवजात कावीळ, या दोन्ही खुणा डॉक्टरांच्या संशयाला जोर देणाऱ्या आहेत. जिन्याचेही एक कारण संभवते. या मुलांना नजर वरखाली वेगाने नेता येत नाही, म्हणून खालची पायरी बघायला ते मान वाकवतात. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, आणि शक्य असेल तर मोबाइलवर दोन चित्रफिती घेऊन जा. एक जिना उतरतानाची, एक हसतानाची. तपासणीच्या खोलीत मूल हसेलच असे नाही. प्लीहा वाढली आहे का ते सोनोग्राफीत कळते.

पूर्वी कातडीचा तुकडा घेऊन पेशी वाढवायच्या आणि वर सांगितलेला फिलिपिन रंग द्यायचा, तेव्हा केंद्रकाभोवती साठलेले कोलेस्टेरॉल निळ्या पुंजक्यांनी चमके. त्याला आठवडे लागत आणि सौम्य रुग्ण सुटून जात. आता आधी रक्तातले ऑक्सिस्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेन-ट्रायॉल, किंवा लायसो-एसएम-509 हे खुणेचे रेणू बघतात, मग एनपीसी1 आणि एनपीसी2 ची जनुक तपासणी. ऑक्सिस्टेरॉलचा नमुना उन्हात किंवा खोलीच्या तापमानाला पडून राहिला तर कोलेस्टेरॉल हवेनेच ऑक्सिडाइझ होऊन खोटा वाढीव आकडा येतो. नमुना लगेच थंड करून बर्फातून पाठवतात का, हे रक्त देण्याआधी विचारा. मे महिन्यात तर नक्कीच.

मिग्लुस्टॅट या गोळीने काही मुलांत बिघाड मंदावतो. युरोपात ती या आजारासाठी 2009 पासून मान्य आहे. तिने सुरुवातीला जुलाब होतात, दूध आणि साखर कमी केल्यावर बरेचसे आटोक्यात येतात. 2024 मध्ये अमेरिकेत अरिमोक्लोमॉल आणि लेव्हॅसेटिलल्युसीन या दोन औषधांना मान्यता मिळाली. पातळ पदार्थ गिळताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी आत्ताच करून घ्या, कारण घास श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हा या मुलांना मोठा धोका आहे. पाणी, ताक थोडे दाट करून द्यायचे, बसवून द्यायचे, आणि त्या वेळी हसवायचे नाही.

आजार दोन्ही बाजूंनी दोष आला तरच होतो. म्हणजे आई आणि बाबा दोघेही वाहक, स्वतः निरोगी, आणि प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. भाच्याचे दोन्ही दोष नेमके कळले तर बहिणीच्या पुढच्या गरोदरपणात 11 ते 13 आठवड्यांच्या सुमारास वारेच्या (प्लॅसेंटाच्या) तपासणीतून उत्तर मिळू शकते. त्यासाठी जनुकाचा अहवाल आधी हातात असावा लागतो, म्हणून रक्ताच्या खुणा आल्या की जनुक तपासणी लांबवू नका.